डाव्या कपाळाचा नवस

११ मार्च, मंगळवार
सकाळी मशीनवर बसले आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पिको सुरू झाली. साडीच्या काठाला मारते तशीच झिगझॅग, फक्त चमकणारी. पिको दिसली की समजायचं, डावी येतेय. आलीच. डाव्या भुवईच्या वर ठोके, मळमळ, उजेड नको, आवाज नको. आता हिला नावच पडलंय घरात. मुक्ता शाळेतून आली की आधी दारातून विचारते, "आई, डावी आलीये का?"

चौधरी काकूंच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. कापड वाया. काकू चिडल्या नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं. स्टूल ओढून बसल्या आणि उपाय सांगायला लागल्या. सूर्य उगवायच्या आत गरम जिलेबी दुधात बुडवून खायची, तोंड पूर्वेला. त्यांच्या भावजयीची अर्धशिशी कायमची गेली म्हणे.

प्रमोदने (इथून पुढे प्र., लिहायला हात चालत नाही) डोक्याला मफलर करकचून बांधून दिला आणि टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाही केला. कमी केला.

१२ मार्च, बुध.
डावी गेली. डोकं धुऊन पिळून ठेवल्यासारखं. गोळ्यांचं पाकीट रिकामं झालं ते बघून मीच दचकले. कधी संपलं?

१५ मार्च, शनि.
जिलेबी झाली. अंधारात प्र.ला उठवलं, स्टेशनकडच्या हलवायाकडे पाठवलं. त्याने दोन तिथेच खाल्ल्या, उरलेल्यातल्या निम्म्या घरी. मी पूर्वेला तोंड करून गच्चीवर दूध-जिलेबी, समोरच्या घरातले सगळे दात घासत बघताहेत. झोप अर्धवट मोडली, दुपारी डावी हजर. प्र. म्हणतो, "मला मात्र एकदम फ्रेश वाटतंय."

अस्सा राग आला!

माझ्या या स्टुलावर बसणाऱ्या प्रत्येक बाईकडे एक उपाय असतो. सुंठ उगाळून लेप. कच्चा पेरू उगाळून लेप. नाकात गाईचं तूप. कानात काय, बेंबीत काय. अंगठ्याच्या बेचक्यात दाबायचं. दृष्ट काढ. केस कमी कर. केस वाढव. सगळं करून झालंय बायांनो. पेरू लावून बसले तेव्हा पोस्टमन आला होता, त्याने पत्र दिलं आणि तोही म्हणाला, "ताई, सुंठ लावा."

२० मार्च, गुरु.
गुरुवारचा उपास. डोक्यासाठीच धरला होता दिवाळीपासून. दिवसभर चहावर. संध्याकाळी उपास सोडायला ताटावर बसले आणि उलटी.

२२ मार्च, शनि.
नवीन डॉक्टर बाईंकडे. वयाने माझ्याहून लहान. पुढ्यातला टेबललॅम्प मी न सांगता तिने बंद केला, तिथेच अर्धं जिंकलं मला. मग बोलायला लागली आणि सगळं घालवलं.

म्हणे गोळ्या इतक्या घेताय की आता गोळ्यांनीच दुखतंय. एक वेगळी लिहून दिली, डावी यायला लागली की लगेच घ्यायची, पण महिन्यात मोजक्याच वेळा. बाकी काय? रोज एकाच वेळी झोपा, एकाच वेळी उठा, रविवारीसुद्धा. जेवणाची वेळ चुकवू नका. पाणी. उन्हात काळा चष्मा. चहा हळूहळू कमी करा, एकदम नको, एकदम सोडला तर त्यानेच डोकं धरेल. आणि उपास बंद.

मी म्हटलं, "उपास डोक्यासाठीच करते."
ती म्हणाली, "डोकं उपासामुळेच दुखतंय."

फी देऊन बाहेर आले. वेळेवर झोपा! हे तर माझी आई फुकट सांगायची. जादू नाही, लेप नाही, काही नाही. रिक्षात रडायला आलं. इतकी वर्षं काहीतरी मोठं आहे असं वाटत होतं, आणि औषध काय तर पाणी प्या.

२७ मार्च, गुरु.
उपास केला नाही. आईंना (सासूबाईंना, धुळ्याला) फोनवर सांगितलं नाही. दिवसभर चोरी केल्यासारखं वाटलं. डावी आली नाही, पण एका गुरुवारने काय होतंय.

६ एप्रिल, रवि.
रविवारीसुद्धा सहाला उठले. सगळं घर घोरतंय आणि मी ओट्यापाशी उभी, शिक्षा झाल्यासारखी. मुक्ताने मोबाइलमध्ये पाण्याचा गजर लावून दिलाय, तो गिऱ्हाइकापुढे बोंबलतो. चहा कपावरून अर्ध्या कपावर. काळा चष्मा घालून फुले मार्केटात गेले तर अस्तर-दोऱ्याचा दुकानदार म्हणतो, "मॅडम, आज शूटिंग का?" हसले. आतून जीव जळाला.

रात्री शिवायचं बंद केलंय. लग्नसराई तोंडावर आणि मी दहाला झोपते. बायका म्हणतात, मोठी झाली उज्ज्वला, आता भाव खाते.

१९ एप्रिल, शनि.
डावी आली, पण लवकर गेली. आल्याचं गरम पाणी घेतलं, नवी गोळी घेतली, अंधारात पडले. दुपारी उठून वरण टाकलं. असं आधी कधी झालं नव्हतं. कुणाला सांगितलं नाही, नजर लागायची. बघ, मीसुद्धा त्यातलीच!

३० एप्रिल, बुध. अखाजी (अक्षय्य तृतीया), धुळे
अखाजी आणि डावी. दोघी एका गाडीतून आल्या. आदल्या रात्री उशिरा पोचलो, जेवण उशिरा, सकाळी आमरसाच्या गडबडीत नुसता चहा. माझीच चूक, पण सणाच्या घरात "मला नऊला नाश्ता हवा" म्हणणारी सून अजून जन्माला यायचीय.

मागच्या खोलीत पडून होते. बाहेर निंबाला झोका बांधलाय, पोरींचं गाणं, ताटांचा आवाज. मंगलअक्का, माझी मोठी नणंद, ओसरीवर कुणाला तरी सांगत होती, अगदी ऐकू येईल असं: "हिचं बरोबर सणालाच दुखतं." कोणीतरी हसलं.

उशीत तोंड घालून रडले. रडलं की डावी अजून चेकाळते, तरी रडले. पोळ्यांपासून सुटका म्हणून कोणी डोळ्यांपुढे पिको ओढवून घेईल का? एकदा, एकच दिवस अक्काला दे रे देवा.

आई आत आल्या. सुंठ उगाळून आणली होती. मला सुंठीचा वाससुद्धा नको झालाय, तरी लावू दिली. त्यांचा हात खरखरीत, गार. "भलतंच दुखस का व?" एवढंच. मी मान हलवली. मग उठून देवघरात गेल्या. कानबाईचा, आमच्या खान्देशातल्या देवीचा, नारळ असतो तिथे, आईंच्या सासूच्या सासूपासूनचा, लाल फडक्यात गुंडाळलेला. त्यापुढे काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं दिवा लावतायत.

४ मे, रवि. जळगाव
आई आमच्यासोबत आल्यात काही दिवस. एक नवीनच. चहा दिला तर "माले नको." आई आणि चहा नको! दर तासाला बशी लागायची बाईंना, भांडं गॅसवरून उतरायचं नाही.

५ मे, सोम.
आता त्यांचंही डोकं दुखतंय. खरंच. सकाळपासून पदर बांधून आडव्या. "ऊन लागनं माले." ऊन लागायला त्या घराबाहेर कधी पडल्या? मी मशीन सोडून लिंबूपाणी, कांद्याचा रस, तळपायाला चोळणं. माझ्या दुखण्यात सुद्धा माझी म्हणून एक गोष्ट राहू देत नाहीत, असं मनात आलं. वाईट आहे. पण आलं.

६ मे, मंगळ.
दोघी डोक्याला फडकी बांधून समोरासमोर. प्र. ऑफिसातून आला, दारात थांबला, बूट न काढता परत गेला आणि भजी घेऊन आला. भजी! तेलाच्या वासाने मी आत पळाले.

९ मे, शुक्र.
आईंचं डोकं थांबलं. चहा अजून नाहीच. विचारलं तर "जीव उडी गया." असेल.

२५ मे, रवि.
जळगावचा उन्हाळा म्हणजे घरातली भिंतसुद्धा हाताला चटका देते. दुपारी खिडकीला ओलं पोतं, मशीन बंद, सकाळी लवकर नि संध्याकाळी शिवणं. दोन नवरदेवांच्या बहिणींना नाही म्हणून परत पाठवलं. आणि ऐन लग्नसराईत डावी एकदाच. एकदाच! ती पण मवाळ.

चिडचिड मात्र तेवढीच. गाडी लेट झाली तर म्हणून पर्समध्ये चणे घेऊन हिंडणारी बाई मी. लग्नात पंगत बसायच्या आत कोपऱ्यात उभी राहून पोळी खाते. हळदीला डीजे लागला की कानात कापूस. लोक बघतात. बरं होणं इतकं लाजिरवाणं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

१८ जून, बुध.
डावी नाही. पिको एकदा दिसली, लगेच पाणी, गोळी, अंधार. आलीच नाही. प्र.ने स्वतःहून कबूल केलं, "फरक आहे हां." मग त्याने तोच शहाणपणा धुळ्याला परत गेलेल्या आईंना फोन करून सांगितला. आईंनी लगेच फोन ठेवला म्हणे, देवघरात जायचंय म्हणून.

२० जून, शुक्र.
मंगलअक्काचा फोन. इतक्या गोड आवाजात ती माझ्याशी लग्नानंतर पहिल्यांदा बोलली.

"अगं, पावली गं कानबाई!"

म्हटलं कोणाला? तर मला. अखाजीला आईंनी नवस बोलला. हिचं डोकं थांबलं तर श्रावणात कानबाई हिच्याच डोक्यावरून नदीला नेईन, घरापासून पांझरेपर्यंत. आदल्या दिवशी निरंकार उपास, पाण्याचा थेंब नाही. रात्रभर जागर. आणि तोपर्यंत आईने चहा सोडलाय.

मी फोन धरून उभी. हातातला अर्धा कप चहा तसाच.

म्हणजे ते ऊन नव्हतं. बाईंनी उभ्या जन्माचा चहा एका दिवसात बंद केला, माझ्या डोक्यासाठी, आणि स्वतःचं डोकं पदराने आवळून माझ्यासमोर पडून राहिल्या. डॉक्टर बाईने सांगितलं होतं मला, एकदम सोडला की डोकं धरतं. मला तेव्हा लक्षात यायला नको? मी कांद्याचा रस चोळत बसले. आणि मनात काय काय बोलले.

२१ जून, शनि.
रात्रीत दयेचा राग झाला.

उपास नाही, पाणी वेळेवर, झोप वेळेवर, डोक्यावर ऊन नाही, आवाज नाही. हे सगळं पाळलं म्हणून डावी थांबली. ती थांबली म्हणून आता काय करायचं? निर्जळी उपास, रात्रभर जागरण, ढोलापुढे उन्हात डोक्यावर कानबाईचा चौरंग. डावीला आमंत्रणपत्रिका छापायची तर यापेक्षा वेगळी कशी छापणार!

प्र.ला म्हटलं, तू आईंशी बोल. म्हणतो, "एका दिवसाने काय होतं?" एका दिवसाने काय होतं हे याने वर्षानुवर्षं शेजारच्या उशीवरून बघितलंय.

म्हटलं, "मी पाळलं ते सगळं कुठे गेलं? चष्मा, चणे, परत पाठवलेली गिऱ्हाइकं? सगळं श्रेय नारळाला?"
"तू पाळलंस ते कानबाईनेच सुचवलं असं आई म्हणेल."
म्हणतीलच. अगदी याच शब्दांत म्हणतील.

६ जुलै, रवि. आषाढी
धुळ्याला जाऊन स्वतःच बोलले. आई गव्हाला ऊन दाखवत होत्या, रोटाचा, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचा गहू, निवडायला आत्तापासून वेगळा काढलेला. मी सगळं सांगितलं. डॉक्टर, झोप, उपास. हळू, न चिडता. (थोडी चिडले.)

आईंनी ऐकून घेतलं. "तुन्हं डोकं थांबनं ना?"
"थांबलं, पण ते का थांबलं ते सांगतेय ना मी."
"मंग देव काय येडा शे का? तुले बरं करी अन परत दुखाडी?"

मी गव्हातले खडे काढत बसले.

म्हटलं, नवस मी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, तू बोलणार नव्हतीस म्हणून मी बोलले. मग म्हटलं, निदान चहा घ्या, तुमचं कशाला? त्यावर माझ्याकडे असं बघितलं त्यांनी की मी विषय सोडला. नवस फिटेपर्यंत नाही. या श्रावणात नाही फिटला तर पुढच्या श्रावणात. तोपर्यंत चहा नाही. धमकी नाही दिली त्यांनी. खडा बाजूला टाकावा तसं सांगितलं.

मला या बाईचा राग धरता येत नाही, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

२३ जुलै, बुध.
डॉक्टर बाईला विचारून आले. तिने कपाळावर हात मारला नाही, एवढंच तिचं मोठेपण. पाणी प्या, झोपा, दोन्ही जमलं तर बाकी बघू म्हणाली. दोन्ही जमलं तर! ही धुळ्याची नाही, लगेच कळतं.

आपणच ठरवलंय. नेईन डोक्यावर. माझं डोकं नाही तरी त्यांचा चहा सुरू होऊ दे. पण झोपणार आणि पाणी पिणार. चोरून का होईना.

२ ऑगस्ट, शनि. धुळे
आलो. घर चुन्याने पांढरं, भांडी चिंचेने घासून लालपिवळी. भाऊबंद सगळे जमलेत, अंथरुणं दाराबाहेरपर्यंत. मंगलअक्का मला पाटच हलवू देत नाही, "तू जप, यंदाची मानाची तू." मला तिचे टोमणेच बरे वाटत होते.

४ ऑगस्ट, सोम. सकाळ
आधी कालचं लिहिते.

काल कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, गळ्यात आईंची पोत, हिरवं लुगडं. खोटं कशाला बोलू, बघितल्यावर माझेही हात जोडले गेले. दुपारपर्यंत निरंकार. तोंडाला कोरड, जीभ टाळूला. न्हाणीत जाऊन पाणी प्यायचं ठरवलं होतं, पण न्हाणीपुढे कायम रांग. शेवटी मागच्या खोलीत भिंतीला टेकले तर आई आल्या. पदराखालून तांब्या काढला. वाटीत भगर.

"खाई ले. कोन्हले सांगू नको."
"आई, नवस?"
"नवस मी बोलनू. पोट तुन्हं शे."

मी खाल्लं. त्या दारात पाठ करून उभ्या, कोणी येतंय का बघत. तांब्याही रिकामा केला.

रात्री जागर सुरू झाला तेव्हा त्यांनीच मला ढकललं, "झोपी जाय." अक्काने विचारलं, कुठे चालली ही? आई म्हणाल्या, "तिले झोपू द्या. मी जागस तिन्ह्या वाटानी." आणि बसल्या पुढे, सगळ्यात मोठ्या आवाजात गात, रात्रभर. भोंगा खिडकीलाच होता. कानात कापूस, कापसावर उशी. झोप लागली, तुटली, लागली. किती झाली देव जाणे.

आता उजाडलंय. अंगणात चौरंग निघालाय, ढोलवाले ढोल तापवतायत. मी न्हाऊन, नऊवारी नेसून मागच्या ओट्यावर बसलेय. आई चुलीपाशी. पातेल्यात चहाचं पाणी ठेवलंय, खाली जाळ नाही. साखर, पत्ती, आलं ठेचून बाजूला. नदीवरून परत आलो की पेटवायचं. त्यांनी माझ्यासाठी मऊ लुगड्याची चुंबळ वळलीय, दोनदा सोडून परत वळली, डाव्या बाजूला जरा जाड. डावीकडे लागू नये म्हणून.

ऊन अजून ओट्यावर आलेलं नाही. तरी ओट्याच्या कडेला काहीतरी चमकतंय. मान वळवली तर तेही वळलं. झिगझॅग. डाव्या कोपऱ्यात.

गोळी पर्समध्ये आहे, पर्स माळ्याच्या खोलीत, जिन्यावर पाहुणे. नदी लांब आहे. आत्ता अंधारात पडले तर कदाचित येणार नाही. कानबाई उचलली तर डावी येईल, कदाचित पुलापाशीच. चौरंग डोक्यावर असताना आली तर...

बाहेरून अक्का हाका मारतेय. आई चुंबळ घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या. रात्रभर गाऊन आवाज बसलाय त्यांचा.

"काय लिखी राहिनी?"
"काही नाही."
"डोकं कसं शे?"

बघतायत माझ्याकडे. चुंबळ दोन्ही हातांत धरलीय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.